मंत्र आहेत, पण धाक कुठे आहे?

छोट्या चेटकिणींच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत ‘इतिहास बेताचाच असावा, मुलं घाबरतात’ हे एका लेखात वाचलेलं मत काही पटलं नाही. सतराव्या शतकातलं इंग्लंड निवडायचं आणि मुली भरदिवसा मंत्र घोकताना दाखवायच्या, मग तो काळ हवाच कशाला? १६१२ मध्ये तिथल्या पेंडल भागातल्या लोकांवर चेटूक केल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यात जेमतेम नऊ वर्षांच्या जेनेट डिव्हाइसला लँकेस्टरच्या कोर्टात चक्क टेबलावर उभं केलं होतं. तिनं सख्ख्या आईविरुद्ध साक्ष दिली. आई, भाऊ, बहीण तिघंही फासावर गेले. हे सगळं जसंच्या तसं नको, कबूल. पण जडीबुटी शिकणाऱ्या मुलीनं शेजारीण दारात दिसताच पाला लपवावा, एवढं तरी हवं ना! झाडूवरून काय, कुणीही उडवतं.