बीपीची गोळी आणि सातपूरची शिफ्ट

नाशिकमध्ये बीपीचा विषय निघाला की गाडी थेट गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते. रोज चाला, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका. सल्ला खरा आहे, पण सकाळचा तास मोकळा असलेल्यांसाठी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराचं काय? बीपी 160 असला तरी बहुतेकांचं काहीच दुखत नाही. मग औषधाच्या रांगेसाठी तो खाडा करून दिवसाची मजुरी का बुडवेल? गोळी सुटते आणि आपण म्हणतो, लोकांना तब्येतीची फिकीरच नाही!

मला हे पटत नाही. 17 मेला, जागतिक उच्च रक्तदाब दिनी, शिबिरं होतात, फोटो निघतात. मशीनवर 150/100 आला की चिठ्ठी मिळते. पण एका वेळच्या आकड्यावर निदान सहसा होत नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. तो दुसरा दिवस कुठे आणि किती वाजता, हे चिठ्ठीवर नसतंच.

2017 मध्ये देशात 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा बीपी आटोक्यात ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात जगावेगळं काही नव्हतं. अॅम्लोडिपिनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या, सगळीकडे उपचाराचा एकच ठरलेला क्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, पुढची तपासणी घराजवळच्या उपकेंद्रात नर्सकडे, आणि जो आला नाही त्याची चौकशी. 2022 मध्ये याच कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे उपदेशाशिवायही बीपी आटोक्यात येतो, फक्त व्यवस्था माणसाच्या सोयीची हवी.

मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. आपण त्याहून बरंच जास्त खातो. (मिसळीबद्दल मी काही बोलणार नाही, मलाही याच शहरात राहायचंय. पण सोबतचा पापड आणि वरून पुन्हा शेव?) पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ हा एक मार्ग आहे. मात्र किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. आणि फरसाणाच्या पाकिटावर मिठाचा आकडा मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत कशाला? पुढे छापा, ठळक.

माझी मागणी साधी आहे. एमआयडीसीत शिफ्ट सुटताना गेटजवळ आठवड्यातून एकदा नर्स, मशीन आणि महिन्याच्या गोळ्या ठेवा. शहरातले सरकारी दवाखाने संध्याकाळी उघडे ठेवा. सिंहस्थाच्या कामांत हेही बसवता येईल, आणि साधू निघून गेल्यावरही ते चालू ठेवता येईल.