केबल काढायची, पण कुठल्या घरातली?

रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर कट्ट्यावर नाना एवढंच म्हणाले, "या महिन्यात केबल बंद. मॅच अ‍ॅपवरच बघायच्या." चहा यायच्या आत चार जणांची चार मतं झाली. वाद आकड्यांवर झाला आणि आकडे सगळ्यांच्याच उपयोगाचे आहेत, म्हणून लिहून काढतोय. नाना क्रिकेटवेडे, अप्पांची हयात केबलच्या धंद्यात गेलेली, बंटी फायबर जोडायचं काम करतो आणि ताई अकाउंट्सवाली.

अप्पा लगेच अडले. "बंद करा, पण आपण पैसे कशाचे देतो ते आधी बघा. बिलात दोन भाग असतात. एक नेटवर्कचा आकार, एनसीएफ. २०२० पासून २०० चॅनलपर्यंत १३० रुपये अशी ट्रायची, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाची, मर्यादा होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढली, म्हणून आता हा आकडा ऑपरेटरप्रमाणे बदलतो. दुसरा भाग पे चॅनलचा. तुम्हाला नको असलेले चॅनल पॅकमधून काढा, बिल तिथेच खाली येईल. सबंध केबल कापायची गरज काय?"

"अप्पा, खेळाचे एचडी चॅनल ठेवले की बिल परत चढतंच ना," बंटी म्हणाला. "शिवाय एनसीएफच्या त्या २०० चॅनलच्या मोजणीत एक एचडी चॅनल दोन धरायचे."

"चढतं. नाही कुठे म्हणतोय मी?"

ताईंनी मोबाइलवर आकडेमोड सुरू केली. "धरा, केबलचे महिन्याला ३५०. वर्षाचे ४,२००. आता अ‍ॅप. जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं तेव्हा टीव्हीवर चालणारा सुपर प्लॅन ३ महिन्यांना २९९ आणि वर्षाला ८९९ होता. दर पुढे-मागे होतात, त्यामुळे घेताना अ‍ॅपवरचाच आकडा खरा. पण प्रमाण लक्षात ठेवा: ३ महिन्यांचे तीन प्लॅन झाले ८९७, म्हणजे जवळपास वर्षाचेच पैसे."

"मग वर्षाचाच घ्यायचा. विषय संपला," नाना.

"नाना, घरात ब्रॉडबँड आहे का?"

नाना गप्प. खरा वाद इथून पुढे झाला.

ताईंचं म्हणणं साधं होतं. ३९९ चा ब्रॉडबँड जीएसटीसह ४७० रुपये ८२ पैसे पडतो. वर्षाचे ५,६४९ रुपये ८४ पैसे. नुसत्या क्रिकेटसाठी ही लाइन नव्याने घेतली तर केबलचे ४,२०० वाचले तरी ब्रॉडबँड आणि अ‍ॅप मिळून साडेसहा हजारांच्या वर खर्च. म्हणजे सव्वादोन-अडीच हजारांचा तोटा. पोरांच्या अभ्यासासाठी, ऑफिसच्या कामासाठी लाइन आधीपासून असेल तर तिचे पैसे या हिशोबात धरायचेच नाहीत, आणि मग तीन हजारांच्या वर बचत आहे. सिडकोत किंवा सातपूरला दोन-तीन जण खोली करून राहतात, मोबाइलच्या डेटावर भागवतात, त्यांना केबल कापायचा सल्ला देऊ नये. मला हे शंभर टक्के पटलं. "अ‍ॅप स्वस्त" असं सरसकट म्हणणारे लोक ही लाइन धरतच नाहीत.

"हॉटस्पॉट लावून बघेन की," नानांनी शेवटचा प्रयत्न केला.

बंटीने तो तिथेच खोडला. "फुल एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. रोजचा दीड जीबी म्हणजे अर्धा तास. पॉवरप्लेला संपेल. टी-ट्वेंटीची मॅच ४ तासांची धरली तर १२ जीबी. २०२५ च्या आयपीएलच्या ७४ मॅच सगळ्या धरल्या तर ८८८ जीबी. ब्रॉडबँडवर महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा सर्रास असते, तिथे हे काहीच नाही."

मोबाइलच्या रिचार्जबरोबर येणारं सबस्क्रिप्शन टीव्हीवर चालतं की फक्त मोबाइलवर, हे आधी वाचून घ्यायचं. जिओहॉटस्टारचा मोबाइल प्लॅन एका वेळी एकाच मोबाइलवर चालतो. टीव्हीवर चित्र येत नाही अशा तक्रारी निघतात, त्यातल्या बऱ्याच इथेच संपतात.

मग अप्पांनी हुकमाचं पान टाकलं. "एका अ‍ॅपवर सगळं क्रिकेट असतं असं कोण म्हणालं? सप्टेंबर २०२५ चा आशिया कप सोनीकडे होता. मग?"

मुद्दा बिनतोड होता. हक्क स्पर्धेप्रमाणे आणि यजमान देशाप्रमाणे विकले जातात, आणि टीव्हीचे हक्क ज्याच्याकडे, मोबाइलचे त्याच्याकडेच असतील असं नाही. २०२५ चा भारताचा इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीच्या चॅनलला होता आणि ऑनलाइन जिओहॉटस्टारवर. आशिया कप मात्र दोन्हीकडे सोनीचाच, ऑनलाइन सोनीलिव्हवर. फॉर्म्युला वन बघणाऱ्याला २०२४ पासून फॅनकोड हे अ‍ॅप लागतं. म्हणून चॅनलचं नाव बघून अ‍ॅप घेऊ नका. मालिका जाहीर झाली की "लाइव्ह स्ट्रीमिंग कुठे" ही ओळ वेगळी वाचा.

ताईंनी यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात कामाचा वाटला. ज्या अ‍ॅपवर आयपीएल, आयसीसीच्या स्पर्धा आणि भारतातल्या मालिका आहेत, ते वर्षाचं घ्यायचं. बाकीचं स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, एक महिन्यापुरतं. फॅनकोडवर तर एका मॅचचा किंवा एका दौऱ्याचाही पास मिळतो.

नाना तरी ३ महिन्यांवर अडून बसले होते. त्यांना ताईंनी तारखाच मांडून दाखवल्या. २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी १९ फेब्रुवारीला सुरू झाली. त्या दिवशी ९० दिवसांचा प्लॅन घेतला तर तो २० मेला संपतो. आयपीएलची फायनल आधी २५ मेला ठरली होती, म्हणजे तेव्हाच पाच दिवस कमी पडत होते. मग मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली आणि फायनल ३ जूनला झाली. तोच प्लॅन २२ मार्चला, आयपीएलच्या पहिल्या दिवशी घेतला असता तर २० जूनपर्यंत चालला असता. तिमाही प्लॅन घ्यायचाच तर ज्या स्पर्धेची फायनल चुकवायची नाही तिच्या पहिल्या दिवशी घ्या, आणि शेवटी दोन आठवडे हातात ठेवा.

दुसरं, पैसे भरताना यूपीआयचा ऑटोपे, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी, बऱ्याचदा सोबतच दिली जाते. अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणून तो बंद होत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट या भागात जाऊन तो रद्द करायचा. पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज जाहिरात समजून उडवू नका.

"आणि अडकतं त्याचं काय?" अप्पा. "केबलवर चित्र कधी गोल गोल फिरत बसतं का?"

इथे बंटीचा जीव रमला. त्याचं म्हणणं असं की अडकण्याच्या बऱ्याच तक्रारी घरातल्याच असतात. लोक राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड मोजतात, ४० एमबीपीएस दिसला की खूश. टीव्ही असतो दोन भिंती पलीकडे. स्वस्तातल्या बऱ्याच टीव्हींचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. त्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत वीस राउटर असले की सगळी गर्दी तिथेच. टीव्हीला मिळतात ५-६ एमबीपीएस, आणि फुल एचडीला ६ ते ८ तरी लागतात. मग ऑटोवर ठेवलेलं चित्र खाली घसरतं, हिरवळीचा नुसता लगदा दिसतो आणि मिडविकेटकडे गेलेला चेंडू सापडत नाही.

त्याचा उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ची लॅन वायर. टीव्हीचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी भरपूर झालं. वायर ओढणं जमत नसेल तर राउटर कपाटातून बाहेर काढून उंचावर ठेवा, टीव्ही ५ गिगाहर्ट्झ पकडत असेल तर त्यावर घ्या. जुन्या टीव्हीला अ‍ॅप चालवणारी स्ट्रीमिंग स्टिक लावताना ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. तिथून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो, मग स्टिक ऐन ओव्हरमध्ये रीस्टार्ट होते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतच लावा. आणखी एक बारीक गोष्ट: आपल्याकडे क्रिकेटचं प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं असतं आणि स्टिक बहुतेक वेळा ६० वर सेट असते. त्यामुळे कॅमेरा चेंडूमागे फिरला की चित्र हलके झटके देतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा.

"आणि फायबरच गेली तर?"

"फायबर जोडलेल्या डबीवरचे दिवे बघा," बंटी म्हणाला. "पॉन (PON) लिहिलेला हिरवा स्थिर असेल तर लाइन ठीक. एलओएस (LOS) लिहिलेला लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. आधी मागची पिवळी बारीक वायर सोफ्याखाली किंवा दारात दुमडली आहे का ते बघा. बोटभर घेरापेक्षा घट्ट वळली की आतला प्रकाश निसटतो. माणूस आला की त्याला प्रकाशाची ताकद मोजणारं मीटर लावायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या खाली रीडिंग असेल तर लाइन आज चालली तरी उद्या पडणार. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा."

मे महिन्यात वळीव आला की लाइट जातेच. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२ ते वाचा. ९ च्या राउटरला १२ ची पिन लावली तर तो जळू शकतो. टीव्ही मात्र त्यावर चालणार नाही, त्याला इन्व्हर्टर लागतो.

एका बाबतीत अप्पा शेवटपर्यंत हटले नाहीत, आणि ते बरोबर होते. अ‍ॅपवरची मॅच केबलच्या मागे असते. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात, टीव्ही असे दोन-तीन तुकडे जमवल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हणजे इथेच १८ सेकंद गेले. बोलर अजून रनअपला वळतोय आणि खालच्या मजल्यावर "गेलाऽऽ" म्हणून आरोळी उठलेली. स्पीड वाढवून हे जात नाही. मध्येच पॉज केलं असेल तर "लाइव्ह" बटण दाबून पुढे यायचं आणि स्कोअरच्या सूचना बंद ठेवायच्या, एवढंच हातात आहे. शेवटची ओव्हर गल्लीसोबत जगायची असेल त्याने केबल ठेवावी, हे अप्पांचं म्हणणं मी मान्य केलं.

नानांना खरं तर भारताच्याच मॅच हव्या होत्या. तेव्हा अप्पांनीच डीडी फ्री डिश सुचवली. ६० सेंटीमीटरची छत्री आणि बॉक्स, एकदाच खर्च, महिन्याचं बिल नाही. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रसार भारतीच्या स्वतःच्या यंत्रणेपुरतंच मर्यादित ठेवलं. म्हणून अशी मॅच फ्री डिशवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसते, खाजगी केबलवर तो हक्क पोचत नाही. आयपीएल यात नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, नाशिकहून बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७-५८ अंश वर. त्या दिशेला समोर झाड किंवा उंच इमारत असेल तर छत्री गच्चीवरच न्यायची.

नाना आता गच्चीवरून आग्नेयेला काय दिसतं ते बघायला निघाले. जाताना ताईंनी बजावलं, "आधी अ‍ॅपवर दोन मॅच नीट बघा, मगच केबलवाल्याला सांगा. आणि बॉक्स परत करताना त्याचा नंबर लिहिलेली पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट मागायला हातात काही राहणार नाही."