ती प्लास्टिकची कबुतरं बुजगावणी नव्हेत

'इंग्लंडचे शेतकरी प्लास्टिकची कबुतरं ठेवून पाखरं पळवतात, आपणही ज्वारीत ठेवा' असा फोटोसह मेसेज फिरतोय. ठेवू नका, ते पाखरांना आवतणच होईल! तिकडे ती वुड पिजन या रानकबुतरांना खाली उतरवायला ठेवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरं खाणं कमी, म्हणून थवेच्या थवे रेप या मोहरीच्या भाऊबंद पिकाच्या कोवळ्या पानांवर तुटून पडतात. मानेवर पांढरा ठिपका रंगवलेली खोटी कबुतरं बहुतेक वाऱ्याकडे तोंड करून, मध्ये मोकळी जागा सोडून मांडतात. खरी तिथे उतरू लागली, की आडोशाला दडलेला शिकारी बार काढतो. तेही सरकारी परवान्याच्या अटी पाळूनच. बांधलेला किंवा जखमी जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरायला तिथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.