‘२७ अंशाला विषाणू मरतो’ म्हणे!

परवा आमच्या तालमीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज पडला. “विषाणू २७ अंशाला मरतो, कोल्हापूरचं ऊन त्याला पुरून उरतंय. मोबाईल, नोटा, कडी-कोयंड्यावर हेअर ड्रायर फिरवा. फरशीवर गरम पाणी ओता. उकळत्या पाण्यात ब्लीच घालून पुसा. कडक पाण्यानं अंघोळ करा.” २०२० मध्ये हाच फिरला होता. साथीचं नाव बदलतं, मेसेज तोच. लॅबमध्ये रोज ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं सामान निर्जंतुक करायचं यंत्र, लावायचं काम माझं, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते २७ अंश. आपलं अंग असतं ३७ अंशांचं आणि विषाणू वाढतो त्याच अंगात. २७ ला मरत असता तर कुणाला सर्दीसुद्धा झाली नसती. कोरोनाचा विषाणू द्रवात ठेवून केलेल्या प्रयोगात तो ३७ अंशाला दिवसभर टिकला, ५६ ला अर्ध्या तासात आणि ७० ला पाच मिनिटांत निकामी झाला. म्हणजे उष्णतेनं विषाणू मरतो हे खरंच आहे, पण अंशाबरोबर मिनिटंही सांगावी लागतात. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला विचारा, नुसती काहील तापली म्हणून तो रस उतरवतो का?

मग आज्जी वाकळ उन्हात टाकते ते वाया का? नाही. पण तिथं काम होतं ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि वाळण्यानं. किरण पोचतात तेवढ्याच भागावर. घडीच्या आत काही नाही.

हेअर ड्रायरची गंमत वेगळी. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांवर पंधरा मिनिटांत काम उरकते. हॉट एअर ओव्हनमध्ये कोरड्या हवेनं तेच करायला १६० अंश आणि दोन तास लागतात. वाफ वस्तूवर पडली की तिचं पाणी होतं आणि साठवलेली सगळी उष्णता ती तिथंच सोडते. कुकरच्या शिट्टीची वाफ ज्याच्या हाताला लागलीय त्याला हे शिकवायला नको. ड्रायर देतो कोरडी हवा, तीही वीतभर अंतरावर निवलेली. मोबाईल ७० अंशांवर नेलाच तर विषाणूच्या आधी बॅटरी जाईल. वर त्या झोतानं कोयंड्यावरची धूळ तुमच्याच तोंडावर. आमच्याकडे आत ठेवलेल्या, उष्णतेची खूण दाखवणाऱ्या टेपवर काळे पट्टे उमटल्याशिवाय ऑटोक्लेव्हमधल्या मालाला हात लावत नाहीत. ड्रायरवाल्याला कळणार कसं, झालं की नाही?

फरशीवर गरम पाणी? बादलीतलं पाणी शहाबादीवर पडलं की दगड त्याची उष्णता ओढून घेतो आणि क्षणात कोमट पाण्याचं थारोळं उरतं. शिवाय सगळे विषाणू सारखे नसतात. कोरोना, फ्लू यांना वरून चरबीचं आवरण असतं, ते साबणानंही फाटतं. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस, काविळीचा हिपॅटायटिस ए बिनआवरणाचे आणि चिवट. पाणी उकळावं ते पिण्याचं. २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ दूषित पाण्यातूनच आली होती, फरशीवरून नव्हे.

अंघोळीचं एका वाक्यात: पाणी कितीही कडक घेतलं तरी आतलं अंग ३७ च्या आसपासच राहतं, भाजते ती कातडी.

इस्त्रीचं मात्र मेसेजमध्ये नाही, आणि नेमकं तेच थोडंफार बरं आहे. सुती कपड्याची इस्त्री चांगलीच तापते आणि कापडाला टेकते. कपडा ओलसर असेल तर आणखी चांगलं, वाफ होते. पण नोटांना इस्त्री करत बसू नका, हात धुवा.

सगळ्यात वाईट सल्ला उकळत्या पाण्यात ब्लीचचा. गरम पाण्यात ब्लीचमधलं हायपोक्लोराइट लवकर विघटित होतं, म्हणजे औषधाचा जोर आधीच संपतो, आणि बंद मोरीत वास डोळ्यांना झोंबतो तो वेगळाच. साधं गार पाणी घ्या. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली ब्लीच आणि पाणी मिळून एक लिटर करा. आधी साबणानं मळ काढा, मग हे लावून काही मिनिटं ओलं राहू द्या. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा.