पेटंटच्या आकड्यात तासगाव दिसणार कसं?

सध्या एक मजकूर फार फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘सांगली जिल्ह्यात पेटंट किती ते मोजा. नगण्य. म्हणजे इथे नवं काही घडत नाही, कारण शेतकरी जुन्याला चिकटून आहे. नवं तंत्र किती चांगलं, हे ते वापरून यशस्वी झालेल्यांनाच विचारा.’ तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, आणि पहिला तर इथल्या कष्टावर अन्याय करणारा आहे.

पेटंट मोजणं ही अभ्यासाची मान्य पद्धत आहे. पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ शेती-बागायतीच्या पद्धतींना आणि वनस्पतींच्या वाणांना पेटंट देतच नाही. मग द्राक्षाच्या पट्ट्यात आकडा येणार कुठून? तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण सांगलीच्याच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातून निवडलं गेलं. खारं पाणी आणि पाण्याची ओढ, म्हणून डॉगरीज या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, द्राक्षाची कलमं आली. खरड छाटणी (उन्हाळ्यातली) आणि गोडी छाटणी (फळासाठीची) यांच्या तारखा बागायतदार हवामान पाहून पुढेमागे करतात. यातलं काहीच पेटंटच्या यादीत सापडणार नाही. ते बागायतदाराच्या वहीत सापडेल, रोपवाटिकेच्या विक्रीत सापडेल, बेदाण्याच्या सौद्यांच्या नोंदीत सापडेल. अभ्यास करायचा तर तिथे बसावं लागेल.

दुसरा मुद्दा हट्टीपणाचा. अमेरिकेत आयोवातल्या संकरित मक्यावर रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांना बियाण्याची माहिती प्रामुख्याने विक्रेत्यांकडून मिळाली, पण ते घ्यायला प्रवृत्त केलं शेजाऱ्यांनी. पुढे १९५७ मध्ये ग्रिलिकेस यांनी वेगवेगळ्या राज्यांची तुलना केली. काही भागांत उशीर झाला, कारण तिथल्या मातीहवेला जुळणारं बियाणंच उशिरा तयार झालं, आणि पसरण्याचा वेग बराचसा नफ्यावर ठरला. म्हणून जिल्ह्यातल्या जत-आटपाडी तालुक्यांत कुणी मागे राहिला असेल, तर आधी विचारायचं: नवं बियाणं-रोपं तिथे कधी आली? पाणी होतं का? कर्ज मिळालं का? स्वभावावर बोट ठेवणं सोपं असतं, पण ते संशोधन नव्हे.

तिसऱ्या मुद्द्याला फार शब्द नकोत. यशस्वी माणसांनाच विचारलं तर प्रत्येक तंत्र चांगलंच ठरेल. ज्यांनी बाग तोडली त्यांची नावं कुठल्याच सत्कारात नसतात. पण गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या ‘बारा’मध्ये, पिकांची वर्षवार नोंद असते. जमिनीच्या ज्या गट क्रमांकांत द्राक्ष होतं आणि आता नाही, ते आधी शोधून काढा आणि मुलाखती त्या घरांपासून सुरू करा.