फौजी बोलला की आधी शिक्का मारायचा

राजकारणावर वाद पेटला आणि त्यात एखादा माजी सैनिक बोलायला लागला की त्याचं म्हणणं कुणी ऐकतच नाही. आधी त्याच्यावर शिक्का मारतात. सरकारच्या बाजूने बोलला तर "हे सगळे एकाच पक्षाचे, फौजेत डोकं वापरायला शिकवतच नाहीत." विरोधात बोलला तर "जन्मभर सरकारचं खाल्लं आणि आता सरकारवरच उलटला." संताप येतो मला या प्रकाराचा!

माझे वडील सुभेदार म्हणून रिटायर झाले. नोकरीतला बराच काळ त्यांनी स्टोअर सांभाळलं. ब्लँकेटं, बूट, ताडपत्र्या, सगळं वहीत. मोजदादीत एक ताडपत्री कमी भरली तरी चौकशी लागायची. अशा माणसाने ग्रामसभेत गटाराच्या कामाचा खर्च विचारला. पाइप किती मीटर टाकले आणि बिल किती मीटरचं काढलं, एवढंच. हातात कागद, आवाज नेहमीचा. तर एक जण उठून म्हणतो, "आबा, ही पलटण नाही, इथे तुमचा हुकूम चालायचा नाही." लोक हसले. मागून दुसरा म्हणाला, "पेन्शन येतेय ना? कॅन्टीनची बाटली आणायची आणि गप पडायचं." आबा दारूला शिवत नाहीत. पण शिवत असते तरी काय बिघडलं असतं? पाइपांचा हिशेब द्यावा लागलाच असता ना? विषय गटाराचा होता, तो दोन वाक्यांत आबांच्या पलटणीवर, पेन्शनीवर आणि बाटलीवर नेऊन ठेवला. हिशेब राहिला बाजूला.

आणि म्हणे सगळे एकाच पक्षाचे! ढाक्याला १९७१ साली पाकिस्तानची शरणागती स्वीकारणारे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा पुढे अकाली दलातर्फे राज्यसभेत गेले. मेजर जनरल खंडुरी भाजपचे मुख्यमंत्री झाले. कॅप्टन अमरिंदरसिंग काँग्रेसचे मुख्यमंत्री होते, नंतर भाजपमध्ये गेले. नौदलप्रमुख राहिलेले ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर भारत-पाकिस्तान शांततेसाठी झटले, २००४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यातले कोण बरोबर, कोण चूक यावर खुशाल भांडा. पण यांना एका पोत्यात भरणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड आहे. मला तर लबाडच जास्त भेटले.

त्याहून चीड येते ती दुसऱ्या प्रकारच्या लोकांची. यांना जवान फक्त समोरच्याचं तोंड बंद करायला लागतो. महागाईवर बोला, रस्त्यावर बोला, लगेच "तिकडे सीमेवर जवान उभा आहे आणि तुम्हाला इथे तक्रारी सुचतात?" अरे, त्या जवानाला विचारलंत का? त्याच्याही घरी सिलिंडर लागतो, त्याचीही पोरं त्याच खड्ड्यांतून शाळेत जातात. तोच जवान म्हातारा होऊन स्वतःच्या हक्कासाठी बसला तेव्हा काय झालं? 'वन रँक वन पेन्शन'साठी, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर पेन्शनही सारखी या मागणीसाठी, दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या माजी सैनिकांना १४ ऑगस्ट २०१५ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी उठवायला घेतलं. छातीवर पदकं लावलेल्या वयस्कर माणसांची ओढाताण सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. जवानाच्या नावाने गळा काढणारे किती जण तेव्हा त्यांच्या बाजूला जाऊन बसले?

नोकरीत असेपर्यंत फौजी माणसाला राजकीय सभेला जाता येत नाही, पेपरात परवानगीशिवाय लिहिता येत नाही. घटनेच्या कलम ३३ नुसार त्याच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. शिस्त म्हणून ते तो मुकाट सोसतो. बहुतेक शिपाई चाळिशीच्या आसपास घरी येतात, म्हणजे उरलेलं अर्धं आयुष्य ते तुमच्या-माझ्यासारखे साधे नागरिक असतात. इतकी वर्षं तोंड मिटून काढल्यावर बोलायची मोकळीक मिळते, आणि पहिल्याच वाक्याला गावातलं कुणीतरी सांगतं की तुम्ही बोलू नका, तुम्ही फौजी.

माझ्या बापाचं म्हणणं चुकीचं असेल तर कागद समोर ठेवून खोडून काढा. तो वादाला घाबरणारा नाही. पण "फौजी आहे, सोडून द्या" हे उत्तर मी यापुढे कुणाकडूनही ऐकून घेणार नाही, मग तो सरपंच असो की सख्खा काका.