प्रतिक्रियेला उत्तर : सर्व्हर रीस्टार्ट केल्याने नेमके काय सुटते?

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. सामायिक रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर (अनेक जण दुरून जोडून एकाच वेळी ज्यावर काम करतात) प्रोसेसरचा वापर वाढला तर कारण कसे शोधावे, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. एवढी चिकित्सा करण्यापेक्षा दर आठवड्याला रीस्टार्ट करणे आणि गरज पडल्यास कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एकके) वाढवणे हाच व्यवहार्य उपाय आहे, हा पहिला. विंडोजमध्ये ‘फेअर शेअर’ची, म्हणजे प्रोसेसरचा वेळ सारखा वाटण्याची सोय असताना एकेका सेशनचा (एकेका वापरकर्त्याच्या जोडणीत चालणाऱ्या कामाचा) हिशेब मांडणे निरर्थक आहे, हा दुसरा. आणि आपल्या सर्व्हरवर टास्क मॅनेजर जेमतेम चाळीस टक्के दाखवत असतानाही वापरकर्ते संथपणाची तक्रार करतात, तेव्हा प्रोसेसरला दोष देणेच चुकीचे आहे, हा तिसरा.

रीस्टार्टने फरक पडतो, यात वाद नाही. पण तो का पडतो हे पाहण्यासारखे आहे. काम संपल्यावर बरेच जण साइन आउट करत नाहीत, नुसती खिडकी बंद करतात. त्यामुळे जोडणी तुटते, सेशन मात्र संपत नाही, आणि त्यातला ब्राउझर त्याच्या सगळ्या टॅबसह मागे चालूच राहतो. सर्व्हरवर ‘क्वेरी यूजर’ ही आज्ञा चालवली की अशी तुटलेली सेशन किती आहेत आणि किती काळ पडून आहेत, हे लगेच कळते. रीस्टार्ट ही सगळी एका झटक्यात संपवतो आणि त्यामुळे सर्व्हर ताजातवाना वाटतो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या केंद्रीय नियमावलीत) तुटलेल्या सेशनसाठी कालमर्यादा घातली तर हेच काम रोज, कोणालाही बाहेर न काढता होते. अर्थात ही मर्यादा वापरकर्त्यांना आधी सांगून मगच लावावी, नाहीतर कोणाचे तरी न साठवलेले काम जाते आणि मग तक्रारीचा विषयच बदलतो.

रीस्टार्टने न सुटणारी कारणेही आहेत, आणि त्यांतले एक याच प्रकारच्या सर्व्हरवर आढळते. विंडोज सर्व्हर २०१६ आणि २०१९ वर वापरकर्ता लॉगऑन करताना त्याच्या नावाने फायरवॉलचे नियम तयार होतात आणि लॉगऑफनंतर ते तसेच रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) राहतात. माणसे रोज येत-जात असलेल्या सेशन होस्टवर, म्हणजे अशा सामायिक सर्व्हरवर, त्यांचा ढीग साचत जातो. मग लॉगऑनला उशीर होऊ लागतो, काळा पडदा रेंगाळतो, स्टार्ट मेनू उघडत नाही, आणि फायरवॉलची सेवा ज्या एसव्हीसी-होस्टमध्ये (विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या प्रक्रियेत) चालते तो प्रोसेसर खाताना दिसतो. हे नियम रजिस्ट्रीत असल्यामुळे रीस्टार्टनंतरही जागच्या जागी असतात. रजिस्ट्रीतल्या फायरवॉल पॉलिसीच्या ‘की’खाली (नोंदींच्या गटात) ‘डिलीट-यूजर-ॲप-कंटेनर्स-ऑन-लॉगऑफ’ हे मूल्य १ केले की नव्याने साचणे थांबते. जुना साठा मात्र वेगळा साफ करावा लागतो. आपला सर्व्हर या दोनपैकी एका आवृत्तीचा असेल तर पुढच्या रीस्टार्टआधी हे नियम किती साचले आहेत ते एकदा अवश्य पाहावे.

कोअर वाढवण्याबद्दल. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या यंत्रावर एखाद्या प्रोग्रॅमचा एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) न संपणाऱ्या चक्रात अडकला, तर टास्क मॅनेजरमध्ये तो प्रोग्रॅम साधारण १२.५ टक्क्यांवर स्थिर दिसतो. सोळा केले की तोच ६.२५ वर दिसतो. टक्का निम्मा झाला, थ्रेड मात्र अडकलेलाच आहे आणि पूर्वीइतकाच एक कोअर जाळतो आहे. सर्व्हर आभासी (दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभा केलेला) असेल आणि खालच्या यंत्रावर आधीच दाटी असेल, तर वाढवलेले कोअर उलट अंगाशी येऊ शकतात, कारण हायपरवायझरला (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्या मशीनसाठी एकाच सुमारास जास्त कोअर मोकळे करावे लागतात. माझ्या मते, अमुक टक्क्यावर ठाण मांडून बसलेली प्रक्रिया यादीत नाही याची खात्री झाल्याशिवाय कोअर मागूच नयेत.

फेअर शेअरची सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे आणि सेशन होस्टवर ती मुळातच चालू असते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण ती करते काय, तर प्रोसेसरसाठी ओढाताण सुरू झाली की सेशनांमध्ये वेळ सारखा वाटते. हा वाटा कामासाठी मागितला आहे की अडकलेल्या चक्रासाठी, याचा विचार तिने करावा अशी अपेक्षाच नाही. तुटलेल्या सेशनमधला वेडा झालेला प्रोग्रॅमही आपला रास्त वाटा घेतच राहतो. शिवाय एखाद्याने पाठवलेल्या छपाईचे काम प्रिंट स्पूलर ही सेवा करते, त्याने उघडलेली फाइल अँटीव्हायरसची सेवा तपासते, आणि या सेवा शून्य क्रमांकाच्या, म्हणजे विंडोजने सेवांसाठी राखलेल्या, सेशनमध्ये चालतात. तो खर्च त्या माणसाच्या नावे चढत नाही. म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो : टास्क मॅनेजरच्या यूजर्स टॅबमधून माणसांचा, आणि डीटेल्स टॅबमध्ये सेशन क्रमांकाचा स्तंभ जोडून सेवांचा.

आणखी एक प्रकार या सोयीच्या हातात मुळीच येत नाही. सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड नसेल तर ब्राउझरमधला व्हिडिओ आणि हलत्या जाहिराती प्रोसेसरलाच रंगवाव्या लागतात, आणि ते चित्र दाबून पलीकडे पाठवण्याचे कामही त्याच्याच अंगावर पडते. तीस माणसांच्या सेशनमध्ये प्रत्येकी दोन टक्के असे गेले तर यादीच्या वरच्या ओळींत संशयास्पद काहीच दिसत नाही. प्रक्रिया नावाप्रमाणे एकत्र करून बेरीज केली तरच ब्राउझर साठ टक्के खातो आहे हे कळते. येथे सगळेच समान असल्यामुळे वाटपाने काही साधत नाही. जाहिराती रोखणे हा स्वस्त उपाय आहे, आणि त्यानेही भागले नाही तर आपण म्हणता तसे यंत्र वाढवणे हेच योग्य.

आता चाळीस टक्क्यांकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतले सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच आहे, फक्त त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. चाळीस टक्के ही सगळ्या कोअरची सरासरी असते. एकाच थ्रेडवर चालणारा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम आपला एक कोअर पूर्ण भरून बसला असेल, तर बाकीचे कोअर मोकळे असूनही तो वापरणाऱ्याला सर्व्हर संथच वाटणार, आणि त्याची तक्रार खरी असणार. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रक्रियेचा वापर एका कोअरच्या प्रमाणात मोजला जातो, म्हणजे आठ कोअरच्या यंत्रावर तो आकडा ८०० पर्यंत जाऊ शकतो. तेथे एखादी प्रक्रिया सतत १०० च्या आसपास चिकटलेली दिसली की शोध बराचसा संपतो. त्याच्याच जोडीला ‘प्रोसेसर क्यू लेंथ’ (प्रोसेसरसाठी थांबलेल्या थ्रेडची रांग) पाहावी. रांग प्रत्येक प्रोसेसरमागे दोनपेक्षा अधिक आणि ती सतत तशीच असेल, तर टक्का कितीही सौम्य असला तरी थ्रेड खोळंबलेले आहेत, असे सर्वसाधारणपणे मानतात.

सर्व्हर आभासी असेल तर आतले आकडे अपुरेच असतात. खालचे यंत्र आपल्या मशीनला प्रोसेसर द्यायला वेळ लावते, तो वेळ आतल्या टास्क मॅनेजरला दिसत नाही. व्हीएमवेअर या आभासी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ हा आकडा पाहावा. चालू आलेखातला प्रत्येक नमुना वीस सेकंदांचा असतो, म्हणून एका आभासी प्रोसेसरमागे २००० मिलिसेकंद दिसले तर त्याचा दहा टक्के वेळ नुसता वाट पाहण्यात गेला असा अर्थ होतो. प्रत्यक्ष यंत्र असेल तर पॉवर प्लॅन तपासावा. विंडोज सर्व्हरमध्ये तो मुळात ‘बॅलन्स्ड’ असतो आणि काही यंत्रांवर त्यामुळे प्रोसेसर पूर्ण वेगाने धावत नाही.

एवढे करूनही आपल्याला आठवड्याचा रीस्टार्ट चालू ठेवायचा असेल तर माझी हरकत नाही. फक्त त्याआधी पुरावा गोळा करावा, कारण रीस्टार्ट कारणासोबत त्याच्या खुणाही पुसतो. प्रोसेस एक्सप्लोरर या साधनात संशयित प्रक्रियेचा थ्रेड्स टॅब उघडून कोणत्या मॉड्यूलमधला (प्रोग्रॅमच्या घटक-फाइलमधला) थ्रेड वेळ खातो हे टिपून घ्यावे आणि प्रॉक-डंप या साधनाने दोन-तीन डंप (प्रक्रियेच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या फाइली) काढून ठेवावेत. प्रॉक-डंपला ८० टक्क्यांची मर्यादा दिली तर ती मुळात सगळ्या कोअरच्या मिळून मोजली जाते, त्यामुळे आठ कोअरच्या यंत्रावर अडकलेला एकटा थ्रेड तिला कधीच शिवत नाही आणि डंप निघतच नाही. एका कोअरच्या प्रमाणात मोजण्याचा ‘यू’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो. त्या थ्रेडचे मॉड्यूल आपण येथे कळवलेत, तर पुढे प्रोग्रॅमच्या निर्मात्याकडे जायचे की अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये शिरायचे, हे ठरवायला मी आनंदाने मदत करीन.